मागच्या सीटवरून पाहिलेली गाडी



या सदरात आजवर फ्रिज, इन्व्हर्टर, शिलाई मशीन, मुलींच्या होस्टेलचा खर्च असे विषय येऊन गेले. गाडीचा विषय मी मुद्दाम टाळत होते. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला गाडीतलं काय कळतं, असं मलाच वाटायचं. पण डिसेंबरच्या शेवटी माझ्या नणंदेचा मुलगा नागपूरहून मंगरूळपीरला आला, आपली गाडी आमच्या दारात लावली आणि चावी माझ्या हातात देऊन म्हणाला, "मुमानी, दहा दिवस वापरून बघा. पटली तर ठेवून घ्या. नाही पटली तर मी दुसरं गिऱ्हाईक बघतो."

त्याला रियाधला नोकरी लागली आहे, फेब्रुवारीत निघायचं आहे. गाडी स्कोडा स्लाव्हिया. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, जून २०२२ ची, अडतीस हजार किलोमीटर चाललेली. घरचा माणूस म्हणून भाव साडेअकरा लाख.

आता आमची बाजू ऐका. दारात २०१३ ची वॅगन-आर आहे. सासऱ्यांच्या वावरातला आमचा हिस्सा विकून तेरा लाख रुपये आले, ते तसेच ठेवलेत. त्यातूनच मुलीची बी.फार्म.ची दोन वर्षांची फी जायची आहे. व्याजाचं कर्ज काढायचं नाही, हे आमच्या घरी सासऱ्यांच्या काळापासून ठरलेलं, त्यामुळे जे काही करायचं ते या तेरा लाखांतच. आणि गाडीची गरज खरी आहे. गेल्या मे महिन्यात सासूबाईंच्या, म्हणजे अम्मांच्या मणक्याचं ऑपरेशन नागपुरात झालं. तेव्हापासून दर महिन्याला त्यांना दाखवायला न्यावं लागतं. वॅगन-आरमध्ये परतीच्या वाटेवर त्या दुखण्याची गोळी घेतात, डोळे मिटून घेतात आणि घर येईपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.

घरात लगेच मतं पडली. एकवीस वर्षांचा मुलगा तर गाडी दिसताच बाहेर पळाला आणि अर्धा तास बॉनेट उघडून उभा राहिला. मुलगी म्हणाली, आधी माझी फी बाजूला काढा, मग बोला. माझे शौहर नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत, फक्त गाडीखाली वाकून बघितलं. अम्मांना कुणी विचारलंच नाही.

पहिल्यांदा गाडीची ओळख करून देते. स्लाव्हिया साडेचार मीटरपेक्षा थोडी जास्त लांब आहे, ४,५४१ मिलिमीटर. मागे वेगळी डिकी असलेल्या गाडीला सेडान म्हणतात. आपल्याकडे दिसणाऱ्या डिझायरसारख्या गाड्याही सेडानच, पण त्यांची शेपटी कापल्यासारखी आखूड असते. ते हौसेने केलेलं नाही. चार मीटरच्या आत, लहान इंजिनाच्या गाडीवर सरकार कर कमी घेतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि स्लाव्हियासारख्या लांब गाडीवर ४० टक्के. म्हणजे नवी लांब डिकी घ्यायची तर तिची किंमत सरकारलाही मोजायची. जुनी घेताना हा भार पहिल्या मालकाने उचललेला असतो, हा जुन्या गाडीचा मोठा फायदा.

हिची सख्खी जुळी बहीण म्हणजे फोक्सवॅगनची व्हर्टस. दोघी पुण्याजवळ चाकणच्या एकाच कारखान्यात तयार होतात. इंजिन, गिअर, सांगाडा सारखाच, चेहरा वेगळा. स्कोडाचं महाराष्ट्राशी नातं याहून जुनं आहे. २००१ साली औरंगाबादजवळ शेंद्र्याला तिची ऑक्टेव्हिया जुळवली जाऊ लागली, आणि जोरदार इंजिनाची मोठी घरगुती गाडी ही कल्पना आपल्याकडे बऱ्याच लोकांना त्या गाडीमुळे कळली. ऑक्टेव्हिया आणि तिच्याहून मोठी सुपर्ब या दोन्हींचं इथलं उत्पादन २०२३ मध्ये थांबलं. त्यामुळे तशी मोठी गाडी हवी असेल तर आता जुन्या बाजारात शोधावी लागते आणि तिचे सुटे भागही महाग पडतात. साध्या घराच्या आवाक्यात त्या जातीच्या म्हणाव्यात अशा गाड्यांत स्लाव्हिया आणि व्हर्टस येतात.

नावाची एक गोष्ट मला फार आवडली. 'स्लाव्हिया' हे मुळात सायकलचं नाव. झेक लोकांच्या देशात व्हाक्लाव्ह क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता होता. त्याची जर्मन सायकल बिघडली, म्हणून त्याने कंपनीच्या एजंटला आपल्या झेक भाषेत तक्रार लिहिली. उत्तर आलं, आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. चिडून त्याने लॉरिन नावाच्या मिस्त्रीला सोबत घेतलं आणि १८९५ साली स्वतःच्या सायकली बनवायला सुरुवात केली. त्या सायकलीचं नाव स्लाव्हिया. पुढे त्यांचा कारखाना स्कोडात मिसळला. एकीकडे उर्दू, एकीकडे मराठी सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला हा माणूस आपला वाटला, हे खरं. पण एवढ्यावर साडेअकरा लाख देता येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी अम्मांची नागपूरची तारीख होती. आम्ही मंगरूळपीरहून शेलूबाजारला येऊन समृद्धी महामार्गावर चढलो. गाडी हे चालवत होते, मी पुढे, अम्मा आणि मुलगी मागे. मी मनात वहीच उघडली होती, काय बरं, काय वाईट, सगळं टिपायचं म्हणून.

या गाडीच्या जाहिरातीत १५० घोड्यांची ताकद सांगतात. आमच्या वॅगन-आरच्या दुपटीहून जास्त. शून्यापासून शंभरपर्यंत जायला नऊ सेकंदांच्या आसपास लागतात. मुलाच्या दृष्टीने गाडी म्हणजे हे आकडे. मला मात्र दुसरंच जाणवलं. समोर सिमेंटच्या गोण्यांचा ट्रक चालला होता आणि त्याला ओलांडायचं होतं. वॅगन-आरमध्ये अशा वेळी हे गिअर बदलतात, इंजिन ओरडतं, मी नकळत दरवाजाची कडी धरते, आणि ट्रकच्या बरोबरीने आपण किती तरी वेळ लटकून राहतो. इथे पायाने थोडं दाबलं आणि ट्रक मागे गेला. कुणी कडी धरली नाही. ही ताकद घरच्या माणसांसाठी असते ती अशी. ट्रकच्या शेजारी घालवलेला वेळ कमी होतो.

शेजारून जोरात बस गेली तरी गाडी हलली नाही. जमिनीला धरून चालते, वळणावर झुकत नाही. मुलगा म्हणतो ते 'स्पोर्टी' म्हणजे हेच असेल, तर मणक्याच्या ऑपरेशनच्या पेशंटला यापेक्षा चांगलं औषध नाही. कारण अम्मांना खड्ड्याइतकाच त्रास होतो तो अंग डावी-उजवीकडे फेकलं जाण्याचा. उंच गाडीत ते जास्त होतं. या गाडीचं सस्पेन्शन बसताना जरा कडक वाटतं, पण ऐंशीच्या पुढे गेल्यावर तोच कडकपणा स्थिरपणा वाटायला लागतो. कारंजा मागे पडलं तेव्हा मी वळून पाहिलं. अम्मा झोपल्या होत्या. ऑपरेशननंतर गाडीत पहिल्यांदा.

इथे माझी एक चूक कबूल करते, कारण ती तुमच्याही घरी होत असेल. अम्मा झोपल्या होत्या त्या मागच्या सीटवर आडव्या, मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून, बेल्टशिवाय. मला तेव्हा किती बरं वाटलं! परत येताना हे म्हणाले, आपण शंभरने चाललोय आणि मागे दोघींचेही बेल्ट नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यांची गाडी तर आमच्याहून किती तरी महाग आणि भक्कम होती. ग्लोबल एनकॅप नावाची संस्था गाड्या आपटून तपासते. एप्रिल २०२३ मध्ये तिने स्लाव्हिया आणि व्हर्टसला पाच तारे दिले, मोठ्यांसाठी ३४ पैकी २९.७१ गुण आणि लहान मुलांसाठी ४९ पैकी ४२. आमच्या भाच्याच्या गाडीत सहा एअरबॅग आहेत. पण हे सगळे गुण बेल्ट लावून बसलेल्या माणसाचे. आडवं झोपलेल्याला त्यातला एकही मिळत नाही. मग आम्ही थांबलो, अम्मांना कमरेमागे उशी देऊन बसवलं, बेल्ट लावला. त्या कुरकुरल्या, पण दुखलं असं म्हणाल्या नाहीत.

आता उतरण्याची गोष्ट. खरी परीक्षा तिथेच झाली. वॅगन-आर उंच आहे, माणूस तिच्यात जवळजवळ खुर्चीवर बसावा तसा बसतो. स्लाव्हियाचा टप जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास आहे, वॅगन-आरपेक्षा वीतभर कमी, आणि मागच्या बाजूला तो उतरता आहे. दिसायला ते देखणं आहे. पण बसताना डोकं वाकवावं लागतं आणि उतरताना स्वतःला खालून वर ओढावं लागतं. कंबर धरून चालणाऱ्या माणसाला नेमक्या याच दोन गोष्टी जमत नाहीत. दवाखान्याच्या दारात अम्मांना उतरवायला आम्हा दोघांना हात द्यावा लागला. उभ्या राहिल्यावर त्या म्हणाल्या, "बसलं की पलंग आहे, पण विहिरीत टाकलेला पलंग."

पुढच्या काही दिवसांत आम्ही यावर एक उपाय शोधला. कडक फोमची तीन बोटं जाड गादी, वर गुळगुळीत कापडाचं कव्हर. आधी पाठ करून सीटच्या कडेवर बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे. कापड गुळगुळीत असलं की अंग वळतं, कंबर पिळत नाही. उतरताना उलट. पुढची सीट खाली-वर करता येते, ती सगळ्यात वर केली तर पुढे बसणं आणखी सोपं. गुडघे-कंबरेचा त्रास असलेलं कुणी तुमच्या घरी असेल तर शोरूममध्ये चालवून बघण्याआधी त्या माणसाला पाच वेळा बसवून-उतरवून बघा. एकदा नको, पाच वेळा. पहिल्या वेळी नव्या गाडीच्या कौतुकात कुणालाच काही जाणवत नाही.

डिकी मात्र काय सांगू! ५२१ लिटर. अम्मांचा घडीचा वॉकर, टॉयलेटची खुर्ची, दोन बॅगा, जेवणाचा डबा आणि भाच्याच्या आईने दिलेली संत्र्यांची पेटी, सगळं आत गेलं आणि झाकण बसलं. वॅगन-आरमध्ये वॉकर मुलीच्या पायाशी असायचा. मागच्या सीटवर पायांसाठी जागाही भरपूर. फक्त तिसरा माणूस मधे बसवायचा नाही. सीटला दोन बाजूंना दोन खोलगट जागा केल्यात आणि मधे जमिनीला उंचवटा आहे, त्यामुळे मधल्याचे पाय दोन डगरींवर. कागदावर पाच जणांची गाडी, प्रत्यक्षात चार मोठे आणि एक लहान मूल. लग्नाला सात जण कोंबून नेण्याची सवय असलेल्या घरांनी हिच्या वाटेला जाऊ नये. त्यांना अर्टिगाच बरी.

मंगरूळच्या गल्लीत ही गाडी अगदीच परकी वाटते. मागच्या काचेतून शेपटीचा शेवट दिसत नाही, वळवताना कुणाला तरी उतरून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणावं लागतं. तळाची उंची रिकाम्या गाडीची १७९ मिलिमीटर, सेडानसाठी चांगली म्हणावी अशी. पण चार माणसं आणि सामान बसलं की ती खाली येते. एका गावात लोकांनी स्वतःच मातीचा आणि मुरमाचा गतिरोधक करून ठेवलाय, तिथे तळ घासला. हे उतरून वाकून बघेपर्यंत माझा जीव वर होता. गाडी अजून आपली नव्हती ना. काही झालं नव्हतं. पण नंतर प्रत्येक उंचवट्याला आम्ही गाडी तिरपी घालायला शिकलो. उन्हाळ्यात एसी मागे कसा पुरतो, तेही बघायचं राहिलंच. मागे हवेच्या जाळ्या आहेत, पण जानेवारीच्या थंडीत विदर्भातल्या मे महिन्याची परीक्षा घेता येत नाही.

पेट्रोलबद्दल मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं. नागपूरला जाऊन-येऊन आमचं पावणेपाचशेच्या घरात अंतर होतं. टाकी भरून निघालो, परत आल्यावर पुन्हा भरली. शंभरच्या आत ठेवली तर साडेसतराचं अ‍ॅव्हरेज पडलं. या इंजिनाची एक हुशारी आहे. सपाट रस्त्यावर जोर लागत नसेल तर चारपैकी दोन सिलिंडर आपोआप झोपतात, आणि पायाखाली काही कळतही नाही. वॅगन-आर हेच अंतर एकोणीस-वीसने कापते. म्हणजे एका फेरीला फरक तीनेकशे रुपयांचा. गावात मात्र नऊ-दहा. शाळा, बाजार, दूध, मशीद एवढंच फिरायचं असेल तर ही गाडी म्हणजे पैशाची नुसती वाफ. टोल वेगळा, तो दोन्ही गाड्यांना सारखा. समृद्धीवर १ एप्रिल २०२५ पासून मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे.

एक हिशेब मी फळ्यावर मांडावा तसा मांडला आणि घरात कुणालाच तो आवडला नाही. फक्त अम्मांच्या फेरीसाठी भाड्याची चांगली गाडी केली तर एका वेळी सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार. आपण साडेअकरा लाख घालणार, वर विमा, सर्व्हिसिंग, टायर. नुसत्या रुपयांत बघितलं तर भाड्याची गाडीच जिंकते. कुणाला हे ऐकायला नको असतं, पण गाडी घेण्याआधी प्रत्येक घरात हा हिशेब एकदा व्हावा. आमच्यात त्यावर उत्तर आलं ते अम्मांकडून. त्या म्हणाल्या, भाड्याच्या गाडीवाल्याला 'हळू घे' म्हणायला मला लाज वाटते.

सगळ्यात जास्त काळजी गिअरची. दीड लिटरच्या ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरची डीएसजी नावाची पेटी असते. दोन क्लच असतात, एक गिअर चालू असतानाच दुसरा तयार असतो, म्हणून ती इतकी झटपट बदलते. पण ते क्लच कोरडे, तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे थांबत-सरकत चालणाऱ्या गर्दीत तापतात. २०१३ साली चीनमध्ये डीएसजी पेटीच्या दोषासाठी पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्यानंतर सुधारणा झाल्या, आणि आपल्याकडे गर्दी म्हणाल तर गुरुवारच्या बाजारापुरती. तरी बिघडलीच तर काम गावातल्या मिस्त्रीचं नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत गाडी ओढून न्यावी लागेल आणि बिल लाखाच्या भाषेत बोलेल. एक लिटरच्या छोट्या इंजिनाची, ११५ घोड्यांची स्लाव्हिया येते, तिच्यातली ऑटोमॅटिक साध्या जुन्या पद्धतीची आहे. नव्याने शोधत असाल तर मी तीच सुचवेन. घरच्यांना तिची ताकद भरपूर आहे. आणखी एक, एवढ्या ताकदीच्या गाडीला मागच्या चाकांना डिस्क ब्रेक नाहीत, ड्रमच आहेत. चालवताना कमी पडले नाहीत, पण असायला हवे होते असं माझं मत.

या गाडीची वॉरंटी चार वर्षांची, म्हणजे जून २०२६ पर्यंत. पैसे भरून ती वाढवता येते, पण मुदत संपण्याआधीच. जुनी गाडी घेणाऱ्याने भावाची घासाघीस करताना हे आधी विचारावं.

आठव्या रात्रीची गोष्ट लिहू की नको, असं वाटत होतं. मुलाने लिहायला परवानगी दिली आहे.

सकाळी भाच्याचा फोन आला. "मुमानी, काल रात्री कारंज्याला गेला होतात का?" फास्टॅग त्याच्या नावावर, टोल कापल्याचा मेसेज त्याच्या मोबाइलवर. आम्ही तर दहालाच झोपलो होतो. मुलाला उठवलं. आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. मित्राला घेऊन शेलूबाजारहून चढला, कारंज्याला उतरला. किती वेगाने, विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "एकशे साठ, अम्मी. फक्त एकदा. गाडीला कळलंसुद्धा नाही."

मी दिवसभर वर्गात शिकवत होते आणि डोक्यात तेच वाक्य. गाडीला कळलंसुद्धा नाही. मी ज्या गुणाचं कौतुक करत होते, तोच हा गुण. वॅगन-आर शंभरच्या पुढे थरथरते, आवाज करते, माणसाला घाबरवते. ही घाबरवत नाही. समृद्धीवर मोटारीची मर्यादा १२० ची आहे. जुलै २०१९ नंतरच्या प्रत्येक मोटारीत ऐंशीला बीप वाजतो आणि १२० च्या पुढे तो थांबतच नाही. म्हणजे गाडीने सांगितलं होतं. मुलाने सांगितलं, गाणी मोठ्याने लावली होती. शेलूबाजार ते कारंजा या पट्ट्यात काळविटांचं अभयारण्य जवळ आहे, आणि आपल्याकडे रात्री रोही कुठून उडी मारेल याचा नेम नसतो. रोही म्हणजे दोन-अडीचशे किलोचं जनावर. त्यात सिमेंटचा रस्ता टायर तापवतो, आणि हवा कमी असलेला टायर एकशे साठला फुटला तर पाच तारे काय करणार?

त्या संध्याकाळी मी म्हटलं, चावी परत करू. मुलीने मान हलवली. हे म्हणाले, गाडी परत करून मुलगा सुधारेल का? मित्राच्या मोटारसायकलवर तो किती वेगाने जातो, हे आपल्याला कुठे माहीत आहे? यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं आणि आजही नाही. आम्ही बराच वेळ तसेच बसलो. मग आतल्या खोलीतून अम्मांनी हाक मारली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा आपलं मत सांगितलं. "गाडी ठेवा. चावी माझ्याकडे द्या."

ठेवली. अकरा लाख पंचवीस हजारांत. भाच्याने स्वतःहून सात लाख आत्ता आणि उरलेले दीड वर्षात, बिनव्याजी, असं सुचवलं, त्यामुळे मुलीची फी सुरक्षित राहिली. घरचा व्यवहार म्हणून तोंडी ठेवला नाही. रक्कम, तारखा, सगळं कागदावर लिहिलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. नणंदेला आधी जरा लागलं, "आपल्यात कशाला कागद?" म्हणाली. मग तिनेच चहा करून साक्षीदारांना दिला. भाच्याने बँकेचं कर्ज फेडलेलं असल्याने बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, हे तो निघण्याआधीच सह्या करून घेतले. माणूस एकदा परदेशी गेला की एका सहीसाठी सहा महिने जातात. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर अपघात झाल्यावर कंपनी आपल्या गाडीच्या नुकसानीचं बोट जुन्या मालकाकडे दाखवते.

वॅगन-आर विकली नाही. गावातल्या फेऱ्या तिच्यावर, आणि मुलगाही सध्या तीच चालवतो. त्याचा राग अजून गेलेला नाही. नव्या गाडीच्या दोन्ही चाव्या अम्मांच्या लोखंडी पेटीत, औषधांच्या पिशवीखाली आहेत. परवा मी किराणा आणायला चावी मागितली तर त्यांनी विचारलं, "कुठे, किती वाजता परत, आणि बेल्ट?" पुढची नागपूरची तारीख ९ फेब्रुवारी. त्याआधी चारही टायर आणि स्टेपनीची हवा थंड असताना तपासायची आहे, आणि अम्मांच्या गादीला दुसरं कव्हर शिवायचं आहे. पहिलं जरा जास्तच गुळगुळीत झालं, ब्रेक दाबला की त्या पुढे सरकतात.